पुस्तकातल्या आक्का

आप्पांच्या पुस्तकाचं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या घरात ते कुणी घेत नसे. आई त्याला नुसतं ‘ते’ म्हणायची. ‘ते कॉटखालून जरा सरकव, केर काढायचाय.’ ‘त्याच्यावर ओला तांब्या ठेवू नकोस.’ प्रेसमधून आलेले गठ्ठे सुतळीत बांधलेले तसेच कॉटखाली पडून होते, आणि नव्या कागदाचा नि खळीचा वास पुढं कितीतरी महिने आमच्या अंथरुणांना येत राहिला. आजही एखादं कोरं पुस्तक उघडलं की तो वास येतो आणि मी ते थोडा वेळ मिटून बाजूला ठेवते. वाचण्यात सगळं आयुष्य काढलेल्या बाईला हे शोभत नाही, पण आहे हे असं आहे.

आमचं घर कोल्हापुरात गंगावेशीच्या अलीकडच्या एका बोळात होतं. दोन खोल्या, मागं मोरी, आणि पुढच्या खोलीत भिंतीला टेकवलेला आप्पांचा तंबोरा. त्याला आईनं जुन्या इरकली लुगड्याची गवसणी शिवली होती. भिंतीपलीकडं तालीम. पहाटे आप्पा खर्ज लावून बसत आणि पलीकडं पोरं जोर काढत; त्यांच्या दमाचा हुंकार आणि आप्पांचा सा एकमेकांत मिसळून भिंतीतून यायचे, जायचे. तालमीचे बाबू वस्ताद आप्पांना म्हणायचे, ‘‘बुवा, तुमचा सूर लागला की आमची पोरं थांबतच न्हाईत बघा. तुम्ही उशिरा उठला की सगळी तालीम आळसावती.’’ थोडं उजाडलं की मी चरवी घेऊन दूधकट्ट्यावर जायची. समोर धार काढून घेतलेलं दूध आप्पा तसंच, कोमट, फेसासकट प्यायचे आणि मिशीवरचा फेस पुसायला विसरायचे. रविवारी मटण असे. मला आणि आईला तांबडा रस्सा, आप्पांना आधी वाटीभर पांढरा, गळा शेकायला. दुसरी वाटी मागितली की आई म्हणायची, ‘‘गळ्याला एकच पुरते. ही जिभेची आहे, तशी मागा.’’ मग आप्पा तशी मागायचे. असे हसरे दिवस आमच्याकडं होते, हे सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून आधी ते लिहून घेतलं.

गोविंदबुवा म्हणून आप्पांना गावात ओळखत. मोठे गवई म्हणून त्यांचं नाव कधी झालं नाही. संस्थान गेलं तशा जुन्या बैठकीही गेल्या. दुपारी पेठेतल्या मास्तरांच्या, वकिलांच्या मुली शिकायला यायच्या, आणि नवरात्रात सातव्या माळेला आमच्या पेठेतल्या देवळात आप्पांचं गाणं ठरलेलं. वर्षभर बाकी काही नसलं तरी ती सातवी माळ त्यांची होती. तिच्यासाठी ते श्रावणापासून आंबट सोडायचे.

आपलं आयुष्य लिहावं असं त्यांना का वाटलं, याचं कारण त्यांनी पहिल्याच पानावर दिलंय: गाणं हवेत जातं, निदान ज्यांच्याकडून आलं त्यांचं नाव कागदावर राहावं. शाळा सोडून, घरातून पळून ते मैनाबाई नावाच्या गाणाऱ्या बाईंच्या दारात जाऊन बसले होते. बाई थिएटरमागच्या गल्लीत राहायच्या. त्यांच्याकडं लोक रात्री गाणं ऐकायला जात आणि दिवसा ओळख देत नसत. आप्पा लग्न होईपर्यंत तिथंच राहिले, तिथंच शिकले. त्या प्रकरणाच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं: ‘बाईंनी मला ठेवलं. जेवू घातलं, कपडे केले, गळा दिला. गाव ज्या मैनाबाईंना विसरलं त्या आज कोडोलीत अनसूया या मूळ नावानं आपल्या भाच्याच्या घरी राहतात. माझ्या गाण्यात जे काही बरं आहे, ते त्यांचं आहे.’

गाव पहिल्या वाक्यावरच थांबलं. पुरुष बाई ठेवतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पेठेतल्या कितीतरी अब्रूदार घरांत ते घडलं होतं आणि त्याबद्दल कुणी पुस्तक वाचत नव्हतं. बाईनं पुरुषाला ठेवलं, आणि तो पुरुष आपल्या हातानं ते लिहितो, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी डबा उघडता उघडता म्हणाली, ‘‘शालन, तुझे आप्पा ठेवलेले व्हय गं? आमचे बाबा म्हणत होते.’’ तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिनं नेहमीसारखी माझ्या भाकरीवर वाढली आणि उत्तराची वाट बघत राहिली.

शिकायला येणाऱ्या मुलींपैकी एकीचे वडील स्वतः आले. टोपी काढून बसले, चहा घेतला, पुस्तकाची भाषा ओघवती आहे म्हणाले. मग म्हणाले, ‘‘पोरीचं आता मॅट्रिकचं बघायला पाहिजे. गाणं जरा थांबवावं म्हणतो.’’ मुलगी आठवीत होती. ते गेल्यावर आप्पा आईला म्हणाले, ‘‘बघ, त्यांनी सगळं वाचलंय. भाषेबद्दल बोलले.’’ आई कप विसळत होती. दिवाळीपर्यंत दुपारच्या मुली एकेक करून बंद झाल्या, आणि दुपारी आमच्या घरात इतकी शांतता असायची की मोरीतल्या घागरीत ठिबकणारं पाणी ऐकू यायचं.

बाबू वस्ताद तेवढे ठाम होते. ‘‘बुवा, मी काय वाचलेलं न्हाई,’’ ते उंबऱ्यातूनच म्हणाले, ‘‘पर कुणी वाकडं बोललं तर सांगा. पोरं पाठवतो.’’

‘‘वस्ताद, वाचून तरी बघा की.’’

‘‘वाचून आणि बिघडलं तर? आत्ता माझं मत चांगलं हाय. ऱ्हाऊ दे तसंच.’’

त्या महिन्यांत आप्पा एवढे एकदाच मोठ्यानं हसले.

वाचनालयात पुस्तकाची एक प्रत होती. मी तिथं रोज जायची, आणि ती प्रत कधी जागेवर नसायची. असली तर हातात घेताच आपोआप त्या एकाच पानावर उघडायची. पान मळून मऊ पडलं होतं. ‘ठेवलं’ या शब्दाखाली पेन्सिलीच्या इतक्या रेघा होत्या की कागद फाटायला आला होता. समासात कुणी ‘धिक्कार’ लिहिलं होतं, त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘खरे बोलण्यास छाती लागते’, त्याच्याखाली ‘छाती कुणाची?’, आणि सगळ्यात खाली एका व्यवस्थित, मास्तरी अक्षरात: ‘सकर्मक क्रियापद. कर्ता बाई. कर्म बुवा.’ बाकीची पानं कोरी होती. आप्पांनी ज्या प्रकरणात रागांबद्दल लिहिलं होतं, त्याची काही पानं तर अजून वरच्या कडेला जोडलेलीच होती, कुणी कापलीही नव्हती. पुढं मी अनेक वर्षं मुलांना व्याकरण शिकवलं. कर्ता आणि कर्म सांगताना माझा आवाज बदलतो, असं एका विद्यार्थिनीनं मला एकदा सांगितलं होतं.

आईनं पुस्तक वाचलं होतं. खाकी कागदाचं कव्हर घालून, चुलीपुढं बसून, भाकऱ्या थापून झाल्यावर रोज थोडं थोडं. शेवटचं पान झालं त्या दिवशी तिनं ते पुसून फळीवर ठेवलं. आप्पा तिच्याकडं बघत होते. ती म्हणाली, ‘‘चांगलं लिहिलंय. माझं नाव एकदा आलंय, लग्न झालं त्या ओळीत. ते बरोबर छापलंय.’’ मैनाबाई आणि आप्पा यांच्यात त्या गल्लीत आणखी काय होतं, काय नव्हतं, हे पुस्तकात नाही, आणि आई ते कधी विचारती झाली नाही. मलाही ठाऊक नाही. लोकांना मात्र ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी भाद्रपदात देवळाच्या पंचांचा निरोप आला. गोविंदबुवांनी सातव्या माळेला जरूर गावं; फक्त त्याआधी पुस्तकातल्या त्या शब्दाचा खुलासा व्हावा. निरोप घेऊन आले ते पुस्तक छापणारे दत्तोबा. ते आप्पांचे लहानपणापासूनचे मित्र, आणि त्यांनी येतानाच युक्ती आणली होती. मराठी पुस्तकाला शुद्धिपत्र असतंच. आप्पांच्याही पुस्तकाला होतं, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांचं. त्यात एका ओळीची भर घालायची. ‘ठेवलं’ ऐवजी ‘ठेवून घेतलं’ असे वाचावे. चिठ्ठी छापून उरलेल्या प्रतींत चिकटवायची, वाचनालयात एक द्यायची, पंचांना एक.

‘‘चूक माझ्या खिळे जुळवणाऱ्याची,’’ दत्तोबा म्हणाले. ‘‘दोन शब्दांचा त्याच्या हातून एक झाला. तुझं काय जातंय? घर तेच, जेवण तेच. ‘ठेवून घेतलं’ म्हटलं की बाई मावशी होते आणि तू भाचा होतोस.’’

‘‘मी भाचा नव्हतो.’’

‘‘मग कोण होतास?’’

‘‘जे लिहिलंय ते,’’ आप्पा म्हणाले. ‘‘मी तिच्या कमाईवर जगलो, दत्तोबा. बाई पुरुषाच्या कमाईवर जगली की तिला गाव काय म्हणतं? मग मला का वेगळं म्हणायचं? तो शब्द मी शोधून घातलाय.’’

‘‘सातवी माळ जाईल.’’

आप्पांनी तंबोऱ्याकडं बघितलं. मग म्हणाले, ‘‘शब्द बाईंचा आहे. त्यांनी बदल म्हटलं तर बदलतो. पण त्या नाही म्हणणार.’’ त्यांना खात्री होती. पुस्तक छापल्यावर पहिली प्रत त्यांनी एका ओळखीच्या माणसाबरोबर कोडोलीला धाडली होती. बाईंना वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवलं असेल, ऐकून त्यांचा ऊर भरून आला असेल, असं ते आम्हाला सांगायचे. उत्तर आलं नव्हतं, त्याचंही त्यांना काही वाटलं नव्हतं.

रविवारी आप्पा आणि मी एसटीनं कोडोलीला गेलो. मला नेलं ते वाचून दाखवायला. स्वतःचं लिहिलेलं बाईंपुढं वाचायला त्यांना लाज वाटत होती. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, आणि कोल्हापुरातून बाईंसाठी पानं घेतली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. शेतांत भुईमूग काढणीला आला होता. गाडीत ते मला बारीक आवाजात बाईंच्या ताना म्हणून दाखवत होते. शेजारचा माणूस वळून वळून बघत होता.

स्टँडवर चहाच्या दुकानात आप्पांनी विचारलं, ‘‘अनसूयाबाई कुठं राहतात?’’

दुकानदारानं किटली खाली ठेवली. ‘‘कोण, अनसाक्का?’’ तो हसला. ‘‘पुस्तकातल्या आक्का व्हय? सरळ जावा पावणं, पिंपळापाशी डावीकडं. आता समदी त्यांनाच विचारत येत्यात.’’ आत बसलेली दोघंतिघंही हसली. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. बघ, गाव त्यांना ओळखायला लागलं, असं ते रस्त्यानं मला म्हणाले.

बाई मागच्या परड्यात शेंगा तोडत बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात तुळशीची माळ. कपाळ मोकळं. मी मनात जी मैनाबाई रंगवली होती तिच्याशी त्यांचं काही जुळेना. आप्पा वाकून पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

‘‘आलास व्हय गोविंदा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बस. पोरगी तुझी?’’

भाच्याच्या सुनेनं गुळाचा चहा आणि उकडलेल्या शेंगा आणून ठेवल्या. आम्हाला पितळीत दिल्या. बाईंचा कप कान तुटलेला होता, तो तिनं लांबूनच जमिनीवर ठेवला आणि आत गेली. आप्पांनी तेही बघितलं नाही. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. मी ते पान वाचलं. ‘ठेवलं’ हा शब्दही मी नीट म्हटला. बाई शेंगा तोडत राहिल्या.

‘‘बाई,’’ आप्पा म्हणाले, ‘‘हा शब्द बदल म्हणतात लोक. ‘ठेवलं’ नको म्हणतात. तुम्ही सांगा.’’

‘‘ते ऱ्हाऊ दे की. ठिवलं म्हन, न्हाई ठिवलं म्हन. ते मैनेचं हाय. मैना मेली.’’ मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘‘पोरी, म्होरली वळ पुन्यांदा वाच.’’

मी पुढची ओळ वाचली. गाव ज्या मैनाबाईंना विसरलं त्या आज कोडोलीत अनसूया या मूळ नावानं आपल्या भाच्याच्या घरी राहतात.

‘‘हां. ही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हिचं काय करतोस?’’

आप्पांना कळलं नाही. मला कळलं, आणि मी पुस्तक मिटलं.

‘‘हितं यायच्या आदी तिला मी मारून आलती रं गोविंदा. गाव विसरलं न्हवतं. मी विसरायला लावलं. कोण म्हणायचं बामनाच्या घरी सैपाक करत हुती, कोण म्हणायचं मुंबईला गिरणीत हुती. मी व्हय म्हणायची. हितं कुणाच्या बी घरी बारसं असलं की पाळणा म्हणायला मला बोलवायची. मी साधा म्हणायची, बायका म्हणत्यात तसा. गाण्यातली एक जागा घेतली न्हाई कधी. गळ्यात यायची, गिळायची.’’ त्यांनी हातातली शेंग टोपलीत टाकली. ‘‘शाळंच्या मास्तरानं पारावर बसून वाचलं तुझं पुस्तक. गावातल्या पोरांची नावं ठिवताना मी हुती. आता पाळण्याला हात लावू देत न्हाईत. मलाच नावं ठिवत्यात.’’

‘‘बाई, मी तुमचं नाव राहावं म्हणून...’’

‘‘मला कुठं पायजे हुतं?’’ त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. ‘‘तुला मी सगळं दिलं, त्याचं काय न्हाई. माझ्यापाशी येवढं एक झाकलेलं हुतं. तू माझं काय ठिवलं न्हाईस बघ.’’

चहा तसाच निवला. निघताना आप्पांना पानांची आठवण झाली. त्यांनी ओलं फडकं पुढं केलं. बाई म्हणाल्या, ‘‘पान सोडून लई दिस झालं. लोक बघत्यात.’’ परत येताना गाडीत ती पानं आप्पांच्या मांडीवर होती आणि त्यांच्या धोतराला ओल लागत होती.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा आले तेव्हा आप्पा जमिनीवर बसून होते. सगळे गठ्ठे सोडलेले, शेजारी निळ्या शाईची दौत. एकेक प्रत उघडून ते ती एक ओळ खोडत होते. टाकानं रेघ मारायची, मग पुन्हा, अक्षर दिसेनासं होईपर्यंत. शुद्धिपत्रात नाव दुरुस्त करता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ‘अमुक ऐवजी’ असं छापायचं म्हटलं तरी ते नाव पुन्हा छापावं लागतं. घरच्या प्रती झाल्यावर ते वाचनालयात गेले. मग ज्यांनी ज्यांनी पुस्तक घेतलं होतं त्यांच्या दारांत. दौत खिशात घालून, उन्हातून, एकेका घरी. ‘‘पुस्तक जरा देता का? एक ओळ नीट करायचीय.’’ लोक हसत आणून द्यायचे. ‘‘शेवटी खोडलंतच ना बुवा,’’ म्हणायचे. त्यांना वाटायचं ते ‘ठेवलं’ खोडायला आलेत. आप्पा कुणाला समजावत नव्हते. खोडायचे आणि पुस्तक परत द्यायचे. ‘ठेवलं’ तिथंच, खोडलेल्या ओळीच्या वर, तसंच असायचं.

याचा परिणाम काय झाला तो मी वाचनालयात पाहिला. ज्या ओळीकडं आजवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, तिच्यावर आता निळा पट्टा होता. समासात नवं अक्षर होतं: ‘येथे काय होते?’ आणि त्याच्याखाली, त्याच मास्तरी वळणात, कुणीतरी सगळी ओळ पुन्हा लिहून ठेवली होती, गावासकट आणि दोन्ही नावांसकट. मी ती खोडरबरानं पुसली. पुढच्या आठवड्यात ती शाईनं लिहिलेली होती.

पंचांना वाटलं, बुवांनी ऐकलं. सन्मानानं बोलावणं आलं. सातव्या माळेला आप्पा देवळात गेले, तंबोरा जुळवला, आणि गळा बसलाय म्हणून उठून आले. बसला नव्हता. पुस्तक आल्यापासून आई त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तंबोऱ्यावर गवसणी चढवायला त्यांना हात लावू लागली. थंडीत कळलं की अनसाक्का भाच्याच्या घरून गेल्या. कुणी म्हणालं शिरोळकडं लांबच्या नात्यात. आप्पा तिकडं जाऊन आले. असं कुणी इथं आलेलं नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. नवं नाव घेतलं असेल तर ते विचारणार तरी काय? पहाटेचा खर्ज त्यांनी आणखी काही दिवस लावला, मग तोही थांबला. बाबू वस्ताद भिंतीपलीकडून हाक मारायचे, ‘‘बुवा, उठला न्हाई व्हय?’’ आप्पा जागेच असायचे. थोड्या वेळानं पोरांचे हुंकार एकटेच सुरू व्हायचे.

आप्पांना जाऊन आता फार वर्षं झाली. त्यांच्या हातानं खोडलेली एक प्रत माझ्याकडं आहे. हे लिहायला बसण्यापूर्वी मी ती कपाटातून काढली, वास येणार नाही एवढी आता ती जुनी आहे. निळी शाई विटली आहे. पिवळट पाण्याच्या डागासारखी तिची नुसती खूण उरली आहे, आणि तिच्याखालची छापील अक्षरं काळीभोर, जशी त्या वेळी होती तशी. चष्मा न लावताही नाव वाचता येतं.